पूर्ण लिहिलेला कागद

लीलाबाईचे हात पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, ही बाई आत्ताच घराला चुना मारून आली आणि हात न धुताच समोर उभी राहिली. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत, वरच्या बाजूनं, पांढरे ठिपके. त्यांच्या अधेमधे तपकिरी ठिपके. कुठे राईएवढे, कुठे मसुरीएवढे. पायांवरही तेच. तळहात मात्र स्वच्छ, जणू रंगवणाऱ्याला वरचीच बाजू सापडली. खाज नाही, दुखणं नाही, वाढणं नाही, जाणं नाही. तिच्या आईचे हात असेच होते. लहानपणी लीलाला वाटायचं, आई झालं की बायकांचे हात असे होत असतील. पण तिचे पाचव्या वर्षीच झाले, तेव्हा तो अंदाज चुकला.

पोरं तिला चितळीन म्हणायची. नवेगावचं जंगल जवळ, चितळ सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे नाव शोधायला कोणाला फार डोकं लावावं लागलं नाही. गाव कोणतं ते लिहीत नाही. केशोरीच्या अंगाला, धानाच्या बांध्यांत बसलेलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर पुन्हा सगळे मिळून एका पोरीकडे बोट दाखवतील, आणि या गोष्टीत बोटं आधीच पुष्कळ झाली आहेत.

सोळा वर्षांची असताना तपासणीला आलेल्या एका माणसानं सायकलवरून न उतरताच तिचे हात पाहिले आणि महारोगाच्या गोळ्या लिहून दिल्या. वर्षभर तिनं त्या गिळल्या. लघवी लाल झाली, अंग काळं पडलं. ठिपके होते तसेच राहिले. उलट काळ्या अंगावर ते जास्तच उठून दिसू लागले. पुढे आशाताईंच्या तपासण्या सुरू झाल्या. दरवर्षी ताई यायची, लीलाबाईला डोळे मिटायला लावायची आणि पेनाचं टोक ठिपक्यांवर टेकवून विचारायची, "लागलं का?"

"लागलं."

"आता?"

"आताही लागलं. मले सगळंच लागते, बाई. तेच त दुखणं आहे."

महारोगाच्या चट्ट्यावर कळत नाही, इथे तर सगळं कळत होतं. ताई पुढच्या घरी जायची. म्हणजे लीलाबाईला तो रोग नाही हे गावाला ठाऊक होतं. फक्त ठाऊक असलेली गोष्ट गरजेच्या वेळी विसरायची सोय गावाजवळ नेहमीच असते.

वर्षातले वीस-पंचवीस दिवस तिला फार आवडायचे, ते रोवणीचे. चिखलणी केलेल्या बांधीत बायका वाकून ओळीनं धान लावायच्या आणि कोपरापर्यंत सगळ्यांचे हात एकाच रंगाचे व्हायचे. तिचं लग्नही त्या चिखलातच जमलं. तिची आई हुशार. पाहुण्यांना तिनं नेमकं रोवणीत बोलावलं, आणि देवाजीनं जी मुलगी पाहिली ती कोपरापर्यंत चिखलात होती. हसरी होती, कामाला चपळ होती, त्यानं होकार दिला. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर हात धूत होती.

देवाजी म्हणाला, "धुऊन झाले का व?"

"झाले."

"अजून धू."

तिनं अजून धुतले. मग दोघंही त्या हातांकडे पाहत उभे राहिले. देवाजी मनानं वाईट नव्हता. महिना-दीड महिना रुसला आणि पुढे त्याची गंमत करायला शिकला. सासू मात्र शिकली नाही. मरेपर्यंत प्रत्येक भांडणात ती चिखल उकरायची. "तुझ्या मायनं फसवलं आमाले," हे वाक्य लीलाबाईनं इतक्या वेळा ऐकलं की पोरगी झाली तेव्हा तिनं मनात एकच गाठ बांधली: हिच्या वेळी काही लपवायचं नाही.

पोरगी म्हणजे रीना. तिचे हात साफ निघाले. लीलाबाई पाच वर्षं, सहा वर्षं, दहा वर्षं रोज सकाळी उजेडात ते हात उलटेपालटे करून बघायची. पोरगी वैतागून म्हणायची, "आई, मी का बाजारातलं वांगं आहे?"

रीना बी.ए. झाली आणि केशोरीला एका झेरॉक्सच्या दुकानात बसू लागली. लोकांचे दाखले भरायचे, फोटो काढायचे, कागदाला लॅमिनेशन करून द्यायचं. लीलाबाई स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. गावच्या शाळेत चौदा वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवायची. सुरुवातीला पाटलांकडची सहा पोरं घरून डबा आणायची. लीलाबाईच्या घरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे हे त्यांच्या आज्यांना माहीत होतं. पण पोरांची भूक आजीचं ऐकत नाही. एका पावसाळ्यात डबे बंद झाले, आणि खेमराज पाटलांची नात नीतू तर दोनदा मागून खायची.

चैत्रात रीनाचं साक्षगंध झालं. मुलगा कोहमाऱ्याचा, राजदीप. हायवेवर त्याचं ट्रकच्या टायरचं दुकान. रीनाच्या दुकानात तो कसलासा दाखला काढायला आला होता; मग आणखी चार दाखले त्याला लागले, ज्यांची कोणत्याच कचेरीत गरज नव्हती. लग्न धान कापून झाल्यावर, विहारासमोर, असं ठरलं. साक्षगंधाला लीलाबाईनं हात पदराखाली घेतले नाहीत. राजदीपची आई सुलोचनाबाई हिनं ते पाहिले, विचारलं, आणि लीलाबाईनं सांगितलं, "जन्माचे आहेत. काई होत नाई त्यानं." सुलोचनाबाईनं मान हलवली. गोष्ट तिथे मिटली असती.

शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात नीतूच्या गालावर पांढरा चट्टा आला. जंतांनी येतो, तसा. पण तिच्या आईला जंतांपेक्षा लीलाबाई जवळची वाटली. शाळेच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष खेमराज पाटील खाली बघत म्हणाले, "लीलाबाई, मी नाई म्हणत. लोक म्हणून राहिले."

"लोक कोण, पाटील? नावं सांगा, मी त्यांच्याच घरी जाऊन हात दाखवतो."

हेमेंद्र गुरुजींनी, ते मुख्याध्यापक, मधला मार्ग काढला: मोठ्या दवाखान्याचा कागद आणा, तोवर मंदाबाई शिजवेल, तुम्ही भांडी धुवा. चौदा वर्षांपासूनची जोडीदारीण मंदाबाई पदरानं डोळे पुसत शिजवू लागली. तिची खिचडी खारट व्हायची. लीलाबाई म्हणायची, "रड बाहेर, माय. खिचडीच्या गंजात नको रडू."

ही बातमी कोहमाऱ्याला पोचायला तीन दिवस लागले. फोन आला. सुलोचनाबाईचा आवाज मऊच होता. "इहीनबाई, मी काई म्हणत नाई. पण लोक मले विचारून राहिले, मोठा रोग आहे का म्हणते. एक कागद आणा. नाई म्हणून लिवलेला. मी सगळ्याईच्या तोंडावर फेकतो."

आता एका कागदावर दोन गोष्टी टांगल्या होत्या. शाळेचं लीलाबाईला एवढं नव्हतं. भांडी घासूनही माणूस जगतो. पण रीनाचा राजदीप गेला तर पोरगी आतून मोडेल, हे तिला दिसत होतं. म्हणून ती निघाली. देवाजी सोबत. कोहमाऱ्यावरून बस जाताना खिडकीतून टायरचं दुकान दिसलं. राजदीप वाकून हातोडा मारत होता. लीलाबाईनं उगाच हात पदराखाली घेतले, मग स्वतःवरच रागावून बाहेर काढले.

नागपूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं हात पाहिले, उजेडात धरले, पाय पाहिले, आणि ती चक्क खूश झाली. तिनं आणखी दोन डॉक्टरांना बोलावलं. तिघंजण लीलाबाईचे हात असे बघत होते, जसे सोनाराच्या दुकानात बायका पाटल्या बघतात. जन्मात पहिल्यांदा त्या हातांचं कौतुक झालं. रक्त घेतलं. दोन महिन्यांनी या, म्हणाली.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं, आणि घाई न करता सांगितलं, हे लीलाबाई आजही मानते.

"मावशी, शरीराच्या कणाकणात एक मोठी वही असते. वही जागची हलत नाही. काही बनवायचं असलं की तिच्यातून एक चिठ्ठी उतरवून घेतात, आणि ती चिठ्ठी जिथे बनवायचं तिथे जाते. तिला निरोप्या आरएनए म्हणतात."

"म्हणजे आमच्या शाळेसारखं. तालुक्याहून आहाराचं पत्रक येते. ते भिंतीला. गुरुजी त्यातून चिठ्ठी लिवून मले देते."

"अगदी तसंच. आणि चिठ्ठी जशी उतरवली तशीच नेहमी जात नाही. वाटेत एकजण तिच्यातलं एखादं अक्षर बदलतो. त्या बदलणाऱ्याला एन्झाइम म्हणतात. याचं नाव अडार."

"गुरुजीही बदलते. पत्रकात मटकी, कोठीत चवळी, त चिठ्ठीत चवळी करते."

डॉक्टरीणबाई हसली. "हो. आणि ते अक्षर बदललेलं पाहूनच शरीर ओळखतं की ही चिठ्ठी आपल्या घरची. बदललं नाही तर त्याला वाटतं, ही बाहेरच्या रोगजंतूची आहे. मग ते आपल्याच चिठ्ठीवर धावून जातं. तुमच्यात हा अडार निम्माच काम करतो. आईकडून आलेला बिघडलेला आहे, वडलांकडून आलेला चांगला आहे."

"मंग हातापायावरच काऊन?"

"ते आम्हालाही अजून नीट माहीत नाही."

लीलाबाईला हे उत्तर सगळ्यात आवडलं. इतक्या वर्षांत माहीत नाही असं म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं. ती म्हणाली, "घरचीच चिठ्ठी ओळखू येत नाई म्हणजे हा आजार आमच्या गावालाही आहे." देवाजीनं तिला कोपरानं ढोसलं.

मग तिनं तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ती खरी आली होती. "माझ्या पोरीचे हात साफ आहेत. तेवीस वर्षांची आहे."

"मग तिच्यात तो बिघाड आलेलाच नाही. यायची शक्यता निम्मी होती. आला असता तर लहानपणीच दिसला असता. तिच्यापाशी थांबलं, मावशी. तिच्या लेकरांना होणार नाही."

लीलाबाईला वाटलं, खुर्चीवरून उठून त्या डॉक्टरीणबाईच्या गालावरून हात फिरवावा. पण आपले हात, म्हणून तिनं नुसती मान डोलावली.

मग कागद. डॉक्टरीणबाईनं मराठीत लिहिला: हा कुष्ठरोग नाही. हा आजार स्पर्शाने, अन्नाने किंवा श्वासाने पसरत नाही. आणि पेन थांबवला. "एवढं पुरे ना, मावशी?"

इथे लीलाबाईची चूक झाली. आता चूक म्हणायची, पण तिच्या जागी तिच्या घरातलं कोणीही तेच करतं. पिढ्या दाखल्यांवर निघाल्या. जातीचा दाखला, रहिवासाचा, उत्पन्नाचा, नवऱ्याच्या नावातल्या काना-मात्रेचा. अपुरा कागद तहसिलीतून परत येतो, लाल शाईत त्रुटी लिहून येतो, दिवस जातो, बस जाते, हे तिच्या अंगात मुरलेलं. वरून तो जुना चिखल. अर्धं दाखवायचं, अर्धं लपवायचं, मग जन्मभर ऐकायचं.

"पूर्ण लिवा," ती म्हणाली. "नाव लिवा रोगाचं, कायनं होते ते लिवा. अर्धा कागद वापस येते."

"नक्की? लोक..."

"पूर्ण लिवा. आन् शिक्का खाली मारा, सगळं संपल्यावर."

डॉक्टरीणबाईनं पुढे लिहिलं: अडार-एक या एन्झाइमच्या जनुकातील बदलामुळे हा आजार होतो. तो आनुवंशिक आहे. त्याखाली सही, त्याखाली गोल शिक्का.

कागद रीनाच्या दुकानात आला. रीनानं तो दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यावर तिचं बोट थांबलं. "आई, हे शेवटलं ठेवाचंच का?"

"कसं काढशील? शिक्का त्याच्याच खाली आहे."

रीनानं त्याची एक प्रत संगणकात ठेवली, कागद प्लास्टिकमध्ये घालून गरम यंत्रातून काढला. कडक, चकचकीत निघाला. लीलाबाईनं तो नव्या पाटीसारखा छातीशी धरून घरी नेला.

समितीत गुरुजींनी मोठ्यानं वाचला. खेमराज पाटलांच्या जिवावरचं ओझं उतरलं; ते म्हणाले, "मी त आधीच म्हणत होतो." काय म्हणत होते ते कोणी विचारलं नाही. असा ठराव झाला की लीलाबाईनं उद्यापासून शिजवावं आणि सर्वांच्या माहितीसाठी हा कागद स्वयंपाकखोलीत दर्शनी भागी लावावा. गुरुजींनी चार कोपऱ्यांना चार खिळे ठोकले. मंदाबाईनं त्याला कुंकू लावायला बोट पुढे केलं होतं. लीलाबाईनं हात धरला. त्या दिवशी खिचडी चांगली झाली. नीतूनं दोनदा घेतली.

आठ दिवसांत सुलोचनाबाई स्वतः आली. जय भीम झाला, चहा झाला. मग म्हणाली, कागद पाहतो. शाळा सुटली होती. लीलाबाईनं किल्ली आणून खोली उघडली. सुलोचनाबाईनं चष्मा लावला आणि ओठ हलवत सावकाश वाचलं.

"रोग नाई म्हणते."

"नाई."

"लागत नाई म्हणते."

"नाई लागत."

"पण चालते म्हणते."

लीलाबाईला क्षणभर कळलंच नाही. "काय चालते?"

"घराण्यात. आनुवंशिक म्हणजे तेच ना व, इहीनबाई? मायपासून लेकीले, लेकीपासून नातवाले."

"अवं, रीनात नाई आलं! तिचे हात पाहा ना तुमी. डॉक्टरीणबाई म्हणाली, तिच्यापाशी थांबलं. तिच्या लेकराईले नाई होणार."

सुलोचनाबाईनं पुन्हा कागदाकडे पाहिलं. वरून खाली, खालून वर. "ते कुठं लिवलं आहे?"

"तोंडानं सांगतलं."

"कागदावर नाई."

"नाई."

सुलोचनाबाईनं चष्मा काढला. सुलोचनाबाई काही राक्षसीण नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. "महारोग असता त गोळ्यानं गेला असता, बाई," ती म्हणाली. "मी लोकाईले तेच सांगतलं असतं. हे कायनं जाते?" जाताना तिनं मोबाइलवर कागदाचा फोटो काढला. घरी दाखवायला, म्हणाली. घर मोठं असावं. तो फोटो अर्जुनीपासून दवनीवाड्यापर्यंत पोचला.

राजदीपचा एक फोन आला. रीना अंगणात उभी राहून बराच वेळ नुसतं "हो" म्हणत होती. पुढे दाखल्यासाठी तो तालुक्याला जाऊ लागला.

लीलाबाई पुन्हा नागपूरला गेली. पोरीत नाही एवढी एक ओळ लिहून घ्यायची होती. डॉक्टरीणबाई शिक्षण पुरं करून दुसऱ्या राज्यात गेली होती. तिच्या जागेवर बसलेला डॉक्टर म्हणाला, मुलीला आणा, तिचं रक्त तपासू, त्याशिवाय मी लिहू शकत नाही. त्याचंही बरोबर होतं. या गोष्टीत सगळ्यांचंच बरोबर आहे.

रीना म्हणाली, "मी नाई येत."

"अवं, एक कागद त पाहिजे पोरी. उद्या दुसरं स्थळ..."

"एका कागदानं मोडलं. दुसऱ्यानं कोणाचं जमवतेस, आई? मंग त्याची माय म्हणन, हिच्या मावशीचा आणा, मामाचा आणा. मले माझे हात माहीत आहेत."

"मी पूर्ण लिवायले लावलं," लीलाबाई म्हणाली. "ती बाई थांबली होती. मीच म्हणलं, पूर्ण लिवा."

रीना पाणी भरायला उठली. तुझी चूक नाही म्हणाली असती तर खोटं झालं असतं.

धान कापून झालं. विहारासमोरचं मैदान त्या आठवड्यात मोकळंच राहिलं. दोन स्थळं आली, दोघांनीही आधी फोटो पाहिलेला. देवाजी पाहुण्यांसमोर गंमत करायचा तो गप्प बसू लागला. एकदा ती भांडी घासत असताना तो तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तुझी माय शहाणी होती व." त्यानं ते टोचून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

लीलाबाईनं गुरुजींना विचारलं, तो कागद आता काढू का. गुरुजी म्हणाले, "कसा काढता? ठराव आहे. आन् त्याच्याच भरोशावर तुम्ही इथं शिजवता." हेही बरोबर. म्हणून रोज त्याच्या समोर तांदूळ धुवायचे, त्याच्या समोर फोडणी घालायची. वाफ लागायची, हळद उडायची, गुरुजी शनिवारी पुसून घ्यायला सांगायचे. पुसला की तो पुन्हा नवा. साधा कागद असता तर एका पावसाळ्यात विरला असता.

एका शनिवारी तिनं पुसायच्या ऐवजी खिचडी हलवायच्या सराट्यानं चारही खिळे उपटले आणि कागद दोन तुकडे करायला गेली. फाटेना. मग तिनं तो चुलीत घातला. तो आधी वाकला, मग आक्रसला, आणि काळा धूर असा सुटला की मंदाबाई खोकत बाहेर पळाली. सोमवारी गुरुजींना लीलाबाईनं सांगितलं, वाऱ्यानं उडाला. चार खिळ्यांचा कागद. गुरुजींनी भिंतीतली चार भोकं पाहिली आणि मान डोलावली. पण तपासणी जवळ आली होती. त्याच सांजेला ते सायकल घेऊन केशोरीला गेले.

मंगळवारी सकाळी कागद जागेवर होता. तोच मजकूर, तोच गोल शिक्का, कडक, चकचकीत. शिक्का थोडा फिका आला होता, एवढाच फरक.

संध्याकाळी रीना दुकानातून आली. लीलाबाईनं भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि हात मागे घेतला. रीना जेवता जेवता, मान वर न करता, म्हणाली, "आई, पुढच्या वेळी चुलीत नको घालू. प्लास्टिकचा धूर छातीत जाते. मले सांगत जा. मी गुरुजीले साध्याच कागदावर काढून देतो."

"मंग त विरून जाईन."

"जाऊ दे. गुरुजी येते वापस, मी अजून काढतो." तिनं ताट पुढे सरकवलं. "वरण वाढ."

लीलाबाईनं वरण वाढलं.